ओळख नको, पावती हवी

(एका नागरिक सभेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



चौकात वाहतूक पोलिसाने हात दाखवून गाडी बाजूला घ्यायला सांगितली की आपल्यासारख्या सुशिक्षित, पापभीरू कुटुंबातील मनुष्याच्या मनात पहिला प्रश्न कोणता उभा राहतो? ‘माझे काय चुकले?’ हा क्वचितच. ‘येथे आपल्या ओळखीचे कोण आहे?’ हाच बहुधा पहिला असतो. नगरसेवक, निवृत्त अधिकारी, वार्ताहर, अगदीच कोणी नसेल तर भावोजींचे मित्र! आणि ओळख चालली नाही, तर मग खिशातली शंभराची नोट. पत्रकार म्हणून तीस वर्षे पोलीस ठाणी आणि न्यायालये यांच्या पायऱ्या चढताना मी पाहिले ते हे, की या दोन वाटांनी सुटलेला मनुष्य आपला हक्क बजावून सुटलेला नसतो. तो हक्क सोडून देऊन सुटलेला असतो. त्याच्याच मागे उभा असलेला, ना ओळख ना पैसा असा रिक्षावाला त्या प्रसंगात काय भोगतो, याचा विचार त्याच्या मनाला शिवतही नाही.

म्हणून आज कायदा काय म्हणतो ते पाहू. आणि आरंभ पोलिसाच्या अधिकारापासून करू, कारण समोरच्याचे अधिकार ठाऊक नसतील तर आपले हक्क सांगताना आपण तोंडघशी पडतो.

मोटार वाहन कायदा १९८८ चा. वाहतुकीचे नियमन करणाऱ्या पोलिसाचे निर्देश पाळणे त्याच्या कलम ११९ प्रमाणे चालकाला बंधनकारक आहे. कलम १३० प्रमाणे गणवेशातील कोणत्याही पोलिसाने मागणी करताच वाहन चालविण्याचा परवाना दाखवावा लागतो. ‘हा साधा शिपाई, याला परवाना मागण्याचा अधिकारच नाही,’ असे मोठ्या आवाजात सांगणारे गृहस्थ आपल्याला दर चौकात भेटतात. ते चूक सांगतात. कायद्याने येथे हुद्दा पाहिलेला नाही, गणवेश पाहिला आहे. मात्र गणवेश हवाच. साध्या वेशातील कोणी परवाना मागू लागला, तर तो कोण आहे हे नम्रपणे विचारण्यात काहीही गैर नाही.

परवाना कागदी असलाच पाहिजे असे आता राहिलेले नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १३९ मध्ये २०१८ साली दुरुस्ती झाली आणि डिजिलॉकर किंवा एमपरिवहन यांतील परवाना, नोंदणीपत्र, विमा हे सारे ग्राह्य ठरले. मोबाइलमध्ये काढून ठेवलेला साधा फोटो म्हणजे डिजिलॉकरमधला परवाना नव्हे, हे घरातील तरुणांना एकदा समजावून सांगा. गाडीची कागदपत्रे जवळ नसतील तर त्यांचे साक्षांकित उतारे पंधरा दिवसांत सादर करण्याची सोयही याच नियमात आहे. परवान्याच्या बाबतीत तेवढी सवलत गृहीत धरू नये. तो जवळच ठेवावा.

आता नाजूक भागाकडे येतो. पोलीस परवाना काढून घेऊ शकतो का? शकतो, पण मनाला येईल तेव्हा नव्हे. कलम २०६ त्याची कारणे सांगते : दस्तऐवज बनावट असल्याचा सकारण संशय असेल, किंवा ज्याच्यावर गुन्ह्याचा आरोप आहे तो चालक पसार होईल असे वाटण्यास आधार असेल. २०१९ च्या दुरुस्तीने त्यात आणखी काही प्रसंगांची भर पडली. भरधाव वाहन चालविणे, मद्यपान करून चालविणे, विनाहेल्मेट चालविणे अशा अपराधांत परवाना निलंबनाच्या कारवाईसाठी ताब्यात घेऊन परिवहन कार्यालयाकडे पाठविता येतो. पण परवाना घेतला की तात्पुरती पोच द्यावीच लागते. चालक पसार होईल या कारणाने परवाना घेतला असेल, तर त्या पोचेवर लिहिलेल्या मुदतीपर्यंत वाहन चालविण्याची मुभा असते; निलंबनाच्या कारवाईसाठी घेतला असेल, तर तो परत मिळेपर्यंत ही मुभा नसते. या एका चिठोऱ्याचे महत्त्व आपल्याकडे फार थोड्यांना कळते. पोच नसेल, तर परवाना कोणाकडे आहे हे सिद्ध करण्याचा मार्गच उरत नाही, आणि मग ‘मिटवून टाका’ हे दोन शब्द कानाशी येतात.

गाडीची चावी काढून घेणे हा प्रकार तर रोजचा. नोंदणी नसलेले किंवा विनापरवाना चालविलेले वाहन अडकवून ठेवण्याचा अधिकार कलम २०७ ने दिला आहे. पण रस्त्यावर थांबविलेल्या प्रत्येकाच्या गाडीची चावी उपटून खिशात घालावी, असे सांगणारे कलम या कायद्यात नाही. तथापि त्यावरून हातघाईवर येऊ नका. लोकसेवकावर हात टाकणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १३२ खालचा गुन्हा आहे. पाचशे रुपयांच्या चलानाचे प्रकरण तेथे जाऊन पोहोचल्याची उदाहरणे मी न्यायालयात बसून पाहिली आहेत. चावी घेणाऱ्याचे नाव आणि बक्कल क्रमांक टिपून घ्यावा, ते पुरते.

दंडाविषयी. जागेवर भरावयाचा दंड हे वस्तुतः कलम २०० खालील तडजोड शुल्क असते, आणि ते स्वीकारण्याचा अधिकार शासनाने अधिसूचनेने नेमलेल्या अधिकाऱ्यांनाच असतो. ते नाकारून ‘मला न्यायालयात बाजू मांडायची आहे’ असे म्हणण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. भरले, तर पावती घ्यावी. पावतीविना दिलेला पैसा दंड नव्हे, लाच होय. येथे आपल्या मध्यमवर्गाने एक गोष्ट नीट ऐकावी. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून लाच देणारासुद्धा कलम ८ प्रमाणे गुन्हेगार आहे आणि त्याला सात वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा होऊ शकते. दबावाखाली पैसे द्यावे लागले असतील, तर सात दिवसांच्या आत तक्रार करणाऱ्याला कायदा संरक्षण देतो. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा दूरध्वनी क्रमांक १०६४ आहे. ‘मी काय करणार, तोच मागत होता’ हे घरच्या बैठकीत चालेल. सात दिवस उलटल्यावर कायद्यापुढे चालणार नाही.

मद्यपानाच्या तपासणीत श्वासचाचणी नाकारण्याने काही साधत नाही. नकार हाच अटकेचे कारण होऊ शकतो आणि न्यायालयात तो विरोधातही जातो. मर्यादा १०० मिलीलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम मद्यार्काची. परंतु या गुन्ह्यात अटक झालेल्या मनुष्याची दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी झाली नाही, तर त्याला सोडून द्यावे लागते, हे कलम २०२ सांगते. नाव-पत्ता सांगण्यास नकार देणाऱ्यालाही याच कलमाखाली अटक होऊ शकते. तेव्हा ‘नाव सांगणार नाही’ हा बाणेदारपणा चित्रपटातच शोभतो.

रस्त्यावरच्या बहुतेक अपराधांत अटकेची वेळ येतच नाही. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत सरसकट अटक करू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या अर्नेशकुमार निकालात बजावले आहे. अटक झालीच, तर संविधानाचे अनुच्छेद २२ आपल्या पाठीशी उभे असते : अटकेची कारणे कळण्याचा हक्क, वकिलाचा हक्क, चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करण्याचे बंधन. १९९६ च्या डी. के. बसू निकालाने अटकेचे टाचण साक्षीदाराच्या सहीसह करणे आणि नातलगांना कळविणे आवश्यक केले. हे सारे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. आपल्या महाराष्ट्राशी निगडित एक भर अलीकडची आहे. वरळी येथील जुलै २०२४ मधील मोटार अपघाताच्या प्रकरणातून सर्वोच्च न्यायालयासमोर गेलेल्या अपिलात, नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने सांगितले की अटकेची कारणे लेखी आणि अटक झालेल्याला कळणाऱ्या भाषेत दिली पाहिजेत. मराठी मनुष्याच्या हाती इंग्रजी कागद ठेवून त्यावर सही घेण्याची पद्धत यापुढे चालू नये.

माता-भगिनींसाठी दोन शब्द. रात्रीच्या नाकाबंदीत स्त्री चालकाला थांबविता येते, परवाना तपासता येतो, चलानही करता येते. याबाबत गैरसमज नको. अटक मात्र वेगळी. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी, अपवादात्मक परिस्थिती वगळता, स्त्रीला अटक करता येत नाही. तशी परिस्थिती असली तरी महिला पोलीस अधिकारी हवी आणि तिने लेखी अहवाल देऊन प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी घेतलेली हवी. स्त्रीची अंगझडती स्त्रीनेच, शालीनता राखून घ्यावयाची. मुलगी दुचाकी घेऊन शिकवणीला जाऊ लागली की तिला हेल्मेटसोबत एवढी माहितीही द्यावी.

आपल्या कार्यकर्त्यांना मला विशेषत्वाने सांगायचे आहे. नाक्यावर ‘मी अमुक संघटनेचा’ असे सांगून सुटणारा कार्यकर्ता त्या दिवशी संघटनेचे नाव दंडाच्या रकमेला विकत असतो. आणि आठ-आठ, दहा-दहा तास धुरात उभा राहणारा तो हवालदार आपल्याच गल्लीतला असतो; तोही कोणाच्या तरी फोनने रोज अपमानित होतो. त्याने नियम मोडला तर त्यालाही सूट नाही : वाहतूक कायदा राबविणाऱ्या यंत्रणेनेच अपराध केला, तर कलम २१०-ब प्रमाणे शिक्षा दुप्पट आहे. मात्र अशी तक्रार लेखी करावी. दिनांक, वेळ, ठिकाण, बक्कल क्रमांक, वाहन क्रमांक हे त्याच रात्री कागदावर उतरवावे, वाहतूक शाखेच्या वरिष्ठांकडे अर्ज देऊन प्रतीवर पोच घ्यावी, दाद लागली नाही तर राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे जावे. प्राधिकरणाकडे जाताना ती पोच सोबत असू द्यावी.