शहाणपण मागून मिळतं का?

कोणी नुकत्याच वावरातून आल्या असाल, कोणाच्या चुलीवर भाजी असेल, कोणी गोठ्यात असाल. काम थांबवू नका, कान तेवढा इकडे असू द्या.

मी ख्रिस्ती घरातली आहे, हे आष्टीतल्या आणि आजूबाजूच्या गटांना माहीत आहे. गटाची बैठक संपली, वही मिटली, की गप्पांमध्ये बाया मला कधीकधी विचारतात, “ताई, तुमच्या प्रार्थनेत तुम्ही मागता तरी काय?” एका काकूंनी तर सरळच विचारलं, “देवाले पैसा मांगता का पोराले नोकरी?” दोन्ही मागतो. खोटं कशाला बोलू? पण आम्हाला लहानपणापासून एक तिसरी गोष्ट मागायला शिकवतात. ती म्हणजे शहाणपण. आज त्याबद्दलच बोलते.

बायबलात शलमोन राजाची गोष्ट आहे. नवा नवा गादीवर बसलेला तरुण राजा. देव त्याला स्वप्नात म्हणतो, काय हवं ते माग. त्याने धन मागितलं नाही, लांब आयुष्य मागितलं नाही, वैऱ्यांचा नाश मागितला नाही. लोकांचा न्याय करता यावा म्हणून ऐकणारं, समजून घेणारं मन मागितलं. देवाला ते आवडलं. त्यानंतर लगेच त्याच्यापुढे दोन बाया आल्या. दोघींची तान्ही बाळं, त्यातलं एक रात्री मेलेलं, आणि जिवंत बाळ माझंच असं दोघीही म्हणताहेत. राजाने तलवार मागवली, बाळाचे दोन भाग करा म्हणाला. तेव्हा खरी आई ओरडली, तिलाच देऊन टाका पण मारू नका. हा निवाडा तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी ऐकलेला असेल.

पण त्यातलं एक फारसं कोणी सांगत नाही. त्या दोघी कोण होत्या? बायबल सांगतं, त्या वेश्या होत्या. त्यांच्या बाजूने बोलायला नवरा नाही, भाऊ नाही, साक्षीदार नाही. देवाने दिलेलं शहाणपण राजाने सगळ्यात आधी खर्च केलं ते अशा बायांवर, ज्यांना गावात कोणी दारातसुद्धा उभं केलं नसतं. मला ही गोष्ट आवडते ती यासाठी. शहाणपण देवाकडून आलंय की आपलीच हुशारी आहे, हे ओळखायचं असेल तर ते कोणासाठी वापरलं जातंय ते बघावं, असं मला वाटतं.

आता आपल्या महाराष्ट्रातल्या एका बाईबद्दल सांगते. पंडिता रमाबाई. शाळेच्या पुस्तकात तुम्ही नाव वाचलं असेल. जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे संस्कृतचे मोठे विद्वान, आणि त्या काळात बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकवायचं धाडस करणारे. रमाबाईंना पुराणातले हजारो श्लोक तोंडपाठ होते. वीस वर्षांच्या असताना, १८७८ साली, कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांची परीक्षा घेतली आणि त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं. म्हणजे विद्येत कमी नव्हत्याच.

दुःखातही कमी नव्हत्या. दुष्काळात आईवडील गेले, मोठी बहीण गेली. पायी देशभर फिरताना सोबत असलेला भाऊ गेला. लग्न झालं, मुलगी झाली, आणि लग्नाला दोन वर्षं होत नाहीत तो १८८२ साली पटकीने नवरा गेला. चोविसाव्या वर्षी कडेवर तान्ही मनोरमा आणि कपाळावर विधवेचा शिक्का.

पुढे त्या इंग्लंडला गेल्या आणि १८८३ मध्ये तिथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. इथे माणसांना वाटतं गोष्ट संपली, बाई ख्रिस्ती झाली. पण रमाबाई सगळं मुकाट्याने मान्य करणाऱ्या नव्हत्या. तिथल्या धर्मभगिनींशी त्यांचे वाद झाले. हे मी का मानू, हे कुठे लिहिलंय, असं त्या विचारत राहिल्या. आणि सुमारे आठ वर्षांनी त्यांना उमगलं की आपण ख्रिस्ती धर्म डोक्याने स्वीकारला, पण ख्रिस्त अजून आपल्याला भेटलेलाच नाही. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. एवढी विद्या असलेली बाई म्हणते की माझ्यात काही कमी होतं आणि ते मला मागावं लागलं. आपल्यातली बी.ए. झालेली बाई, म्हणजे मीच समजा, चार फॉर्म भरता आले की स्वतःला शहाणी समजते!

बायबलात याकोबाचं पत्र आहे. छोटंसंच आहे, पण अगदी घरातल्या मोठ्या माणसाने कान धरावा तसं. त्यात सांगितलंय की ज्याला शहाणपण कमी पडतं त्याने देवाकडे मागावं, देव देतो, आणि देताना दोष काढत नाही. हे शेवटचं मला फार मोलाचं वाटतं. आपण कोणाला काही विचारायला गेलो की आधी ऐकावं लागतं, “एवढंही कळत नाही काय?” दवाखान्यात ऐकावं लागतं, कचेरीत ऐकावं लागतं, घरात तर रोजच. म्हणून बाया विचारणंच सोडून देतात. देव तसं करत नाही.

त्याच पत्रात पुढे असंही आहे की उघड्या, उपाशी माणसाला नुसतं ‘सुखाने जा’ म्हणून पाठवलं आणि पोटाला काही दिलं नाही, तर त्या विश्वासाचा काय उपयोग? मागणं आणि करणं असं एकाला एक बांधलेलं आहे.

रमाबाईंनी काय केलं बघा. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. त्यासाठी अमेरिकेतल्या लोकांनी मंडळ काढून दहा वर्षं मदत द्यायचं कबूल केलं होतं. आता आपल्या गटांना हे नीट कळेल. फिरता निधी आला की काही गट समजतात तो असाच येत राहणार. रमाबाई तसं समजल्या नाहीत. दहा वर्षं संपल्यावर काय, याचा विचार त्यांनी आधीच केला आणि पुण्याजवळ केडगावला सुमारे शंभर एकर जमीन घेतली. फळझाडं लावायची, विहिरी खणायच्या, आणि त्या उत्पन्नावर सदन चालवायचं, असा हिशेब. नीतिसूत्रे नावाच्या पुस्तकात शेवटी एका कर्त्या बाईचं वर्णन आहे. ती शेत पारखून घेते आणि स्वतःच्या कमाईतून मळा लावते. आपल्याकडे संत्र्याच्या बागा असलेल्यांना सांगायला नको की आज लावलेलं झाड फळावर यायला किती वर्षं लागतात. तेवढ्या पुढचं बघणं हेही शहाणपणच.

मग आला १८९६-९७ चा दुष्काळ. मध्य प्रांतात माणसं अन्नावाचून मरत होती. आपला वर्धा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतातच होता, म्हणजे आपल्या खापरपणजीच्या काळातली ही गोष्ट. रमाबाईंनी स्वतः दुष्काळात आईवडील गमावलेले. त्या पुण्याहून निघून मध्य प्रांतात आल्या. मदतीच्या छावण्या, अनाथालयं हिंडल्या. अन्न तर कमी होतंच, पण एकट्या पडलेल्या पोरींना भलतीच माणसं घेऊन जात होती. त्यांनी सुमारे तीनशे मुली आणि बाया सोबत नेल्या.

नेल्या खऱ्या, पण ठेवायच्या कुठे? पुण्यात प्लेग. शहरात एवढ्या जणींना ठेवायची परवानगी नाही. तेव्हा केडगावची ती जमीन कामी आली. आधी तंबू आणि छपरं, मग इमारती. तेच मुक्ती सदन झालं. जी जमीन फळांच्या उत्पन्नासाठी घेतली तिथे माणसं वाढली. १९०० च्या दुष्काळानंतर तर तिथे जवळपास दोन हजार जणी होत्या. एवढ्यांचं रोजचं पीठ, पाणी, कपडा, आजारपण याचा विचार करून बघा. आपल्या गटाच्या सहलीला पन्नास जणींचा स्वयंपाक म्हटला तर आपली तारांबळ उडते. मुली शिकत होत्या, विणकाम करत होत्या, तेलघाणी चालवत होत्या, गाई सांभाळत होत्या, छापखान्यात खिळे जुळवत होत्या. आंधळ्या मुलींना मनोरमाबाईंनी ब्रेल शिकवलं.

सगळं गोड नव्हतं, तेही सांगितलं पाहिजे. १८९३ साली शारदा सदनाच्या सल्लागार मंडळातल्या मोठमोठ्या माणसांनी राजीनामे दिले. काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात, हे त्यांना पटलं नाही. पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंचं म्हणणं, मी माझं दार बंद करून प्रार्थना करणार नाही, ज्याला यायचं त्याने यावं. मी ख्रिस्ती असूनही मला वाटतं, पालकांची काळजी अगदीच खोटी नव्हती. ज्यांनी विश्वासाने मुली ठेवल्या त्यांना काय वाटलं असेल, हेही समजून घ्यायला हवं. मी गटात काम करते तेव्हा हे लक्षात ठेवते. गटाच्या बैठकीत मी धर्म आणत नाही. आज रेडिओवर विषयच तो आहे म्हणून बोलते आहे.

आणि शहाणी बाई म्हणजे गप्प बसणारी बाई, असंही नाही. याकोब म्हणतो की वरून आलेलं शहाणपण शांतीचं असतं, सौम्य असतं, दुसऱ्याचं ऐकून घेणारं असतं, दयेने भरलेलं असतं. ते वाचून कोणाला वाटेल, सगळं सोसून घ्यावं. पण १८९७ मध्ये पुण्यातल्या प्लेगच्या व्यवस्थेत बायांचे कसे हाल होतात, यावर रमाबाईंनी वर्तमानपत्रात उघड पत्र लिहिलं. सरकार इंग्रजांचं, धर्मही त्यांचाच, तरी लिहिलं.

आता आपल्या तालुक्यातल्या एका गटातली गोष्ट. नाव गाव सांगत नाही. एका तरुण सुनेचा नवरा गेला, कसा ते विचारू नका, आपल्या भागात ते सांगावं लागत नाही. दोन लेकरं. तिने शिलाई मशीन आणि पिको-फॉलच्या मशीनसाठी गटाकडे पंधरा हजार कर्ज मागितलं. बैठकीत कुजबुज सुरू झाली. एक जण म्हणाली, “उद्या माहेरी निघून गेली त हप्ता कोण भरन?” हा प्रश्न वाईट नाही हं. पैसा सगळ्यांचा आहे, आणि दर आठवड्याला वीस-वीस, पन्नास-पन्नास करून जमवलेला आहे. दुसरी म्हणाली, दीर जामीन राहतील काय. तिसरी म्हणाली, सासऱ्याला विचारा. ती बिचारी दाराजवळ बसलेली, पदर तोंडाला लावून.

मी मनात प्रार्थना करत होते, हे खरं. अध्यक्ष-सचिव माझ्याकडे बघत होत्या, की ताई सांगतील तसं करू. पण मी सांगितलं असतं तर तो गटाचा निर्णय झाला नसता. तेवढ्यात एक म्हाताऱ्या मावशी बोलल्या. अंगठा लावतात, बायबल त्यांनी कधी बघितलंही नसेल. म्हणाल्या, “सगळ्या बोलून राहिल्या. तिले विचारलं काय कोणी?”

मग विचारलं. आणि तिने हिशेब मांडला. शेजारच्या दोन गावांत मिळून किती ब्लाऊज येतात, आर्वीला शिवायला गेलं तर काय लागतं, ती काय घेणार, सणाच्या दिवसांत किती, पावसाळ्यात किती. सगळं तिच्या लेकीच्या वहीच्या मागच्या पानावर लिहिलेलं होतं. ठराव झाला: आधी एका मशीनपुरते पैसे, तीन हप्ते वेळेवर आले की उरलेले. कोणाचा जामीन नाही.

ते शहाणपण देवाने त्या मावशींच्या तोंडून दिलं, असं मी मानते. तुम्ही वेगळं माना, हरकत नाही. पण त्या दिवशी माझ्या प्रार्थनेचं उत्तर मला सुचलं नाही, दुसऱ्या बाईला सुचलं, आणि ते ओळखता येणं हाही मागण्याचाच भाग आहे. नीतिसूत्रांत शहाणपणाला बाईचं रूप दिलेलं आहे. ती देवळात किंवा राजवाड्यात बसलेली नाही, चौकात, रस्त्याच्या तोंडावर उभी राहून हाका मारते आहे. ऐकायला थांबावं लागतं, एवढंच.

ठरावानंतर आणखी एक काम निघालं. नवऱ्याच्या नावावरच्या शेताच्या सातबाऱ्यावर तिचं आणि लेकरांचं नाव चढलेलंच नव्हतं. सहा महिने झाले होते. घरचे म्हणत, घाई काय आहे. मैत्रिणींनो, घाई आहे. मृत्यूचा दाखला घ्या, वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे द्या, अर्ज दिल्याची पोच मागून घ्या आणि ती जपून ठेवा. गटातल्या दोघी जणी सोबत गेल्या. नुसत्या प्रार्थनेने फेरफार मंजूर होत नाही, आणि एकटी बाई कचेरीत गेली की तिला उद्या ये म्हणतात. तिघी गेल्या की अर्ज घेतात, हा आमचा अनुभव आहे.

रमाबाईंचं शेवटचं मोठं काम सांगायचं राहिलं. त्यांच्या वेळी मराठी बायबल होतं, पण त्याची भाषा जड. केडगावच्या कमी शिकलेल्या मुलींना कळेना. संस्कृत पंडिता असलेल्या या बाईने पन्नाशीकडे झुकताना हिब्रू आणि ग्रीक भाषा अभ्यासल्या आणि मुळातून सोप्या मराठीत भाषांतर करायला घेतलं. पंधराएक वर्षं ते चाललं. मधेच, १९२१ मध्ये, मनोरमा गेली. एकुलती एक मुलगी, कामात उजवा हात. तरी त्यांनी काम सोडलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या, आणि १९२४ मध्ये ते बायबल मुक्तीच्या स्वतःच्या छापखान्यात छापून पूर्ण झालं.

मुक्ती मिशन आजही केडगावला आहे, दौंड तालुक्यात. वर्ध्याहून पुण्याला जाणाऱ्या बऱ्याच गाड्या दौंडवरून जातात, आणि दौंड ते पुणे या मार्गावर केडगाव स्टेशन लागतं. ग्रामसंघाने यंदा अभ्यास सहल काढायची ठरवलीच, तर नुसती बाजारपेठ बघण्यापेक्षा तिकडे जाऊन यावं, असं मी सुचवलं आहे. ज्या गटांना यायचं आहे त्यांनी आपल्या पुढच्या बैठकीत तसा ठराव घ्या आणि किती जणी ते मला कळवा.