आधी कोणाचे?



लहान धंद्यात आधी काय पाहावे, हा आजचा विषय. मजूर संघटनेच्या माणसाने तो मालकांपुढे मांडावा, याचे आपल्याला नवल वाटेल. पण मालकाचा हिशेब चुकला की चूल आधी कामगाराची विझते; म्हणून मी बोलणार.

इचलकरंजीच्या खर्चीवाल्या यंत्रमागधारकाचे उदाहरण घेऊ. सूत व्यापाऱ्याचे, कापडही त्याचेच; याने विणून द्यायचे आणि मजुरी घ्यायची. ती मजुरी हाती आली की दाराशी पाच देणी उभी राहतात: वीजबिल, बँकेचा हप्ता, सुट्या भागांची उधारी, घरखर्च आणि विणकराचा पगार. यांत सर्वांत हळू बोलतो तो विणकर. म्हणून ‘पुढच्या आठवड्यात बघू’ हे उत्तर त्याच्याच वाट्याला येते.

असाच एक तंटा माझ्याकडे आला होता. आठ मागांच्या मालकाने आलेल्या पैशात आणखी दोन जुने माग घेतले आणि दोन आठवड्यांचा पगार थकवला. तिसऱ्या आठवड्यात विणकर दुसरीकडे गेले. बीम मागावरच अडकले, कापडाला उशीर झाला, व्यापाऱ्याने मजुरी कापली. माग झाले दहा, चालत होते चार! मालक म्हणाले, “कामगार बेइमान निघाले.” मी म्हणालो, “मालक, त्यांचा वाणी तिसरा आठवडा थांबेना, एवढेच झाले.”

तेव्हा क्रम असा लावा. पहिला पगार. आठवड्याचा पगार सुटीपूर्वी, शेवटच्या कामाच्या दिवशी द्यावा, असे २०१९ ची वेतन संहिताही सांगते. भविष्य निर्वाह निधीसाठी पगारातून कापलेली रक्कम तर तुमची नव्हेच. ती कामगाराची ठेव आहे. दुसरी वीज, कारण ती तुटली की सारेच बसले. तिसरी चालू मागांची दुरुस्ती. मग हप्ता आणि उधारी. घरखर्चाला बेताची रक्कम ठरवून घ्या. नवा माग सर्वांत शेवटी.

हे पैशाचे झाले. वेळेचे म्हणाल, तर आधी वसुली. विणकराचे आठवडे थकतात, कारण व्यापाऱ्याकडे तुमचे महिने थकलेले असतात. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्याप्रमाणे लहान उद्योगाचे पैसे, लेखी करार असला तरी, ४५ दिवसांपलीकडे अडवता येत नाहीत. पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. मात्र काम देण्यापूर्वी उद्यम नोंदणी हवी आणि बिल लेखी हवे.

आपण म्हणाल, “व्याज मागितले तर व्यापारी पुढचे काम देणार नाही.” ही भीती खोटी नाही. एकट्याने पगारवाढ मागताना आम्हालाही हीच भीती वाटे. म्हणून तर आम्ही संघटना केली. तुम्हीही एकत्र होऊन मागा. तोवर येत्या सुटीच्या आदल्या दिवशी गल्ला उघडाल, तेव्हा सर्वांत हळू बोलणाऱ्याला आधी हाक मारा.