ज्युबिलीचे वर्ष आणि सर्वांचे पाणी
(सुवर्णमहोत्सवी मिस्साविधीनंतर केलेले भाषण)



आज आपल्या धर्मग्रामास पन्नास वर्षे पूर्ण होत आहेत. तोरणे लागली, वाद्ये वाजली. हे योग्यच झाले. परंतु पवित्र शास्त्रातील पन्नासावे वर्ष केवळ वाजंत्र्यांचे नव्हते. विकलेली जमीन त्या वर्षी मूळ कुटुंबाकडे परत जावी, दास मुक्त व्हावा, अशी आज्ञा लेवीय ग्रंथाच्या २५ व्या अध्यायात आहे. कारण भूमी परमेश्वराची. आपण तिच्यावरील पाहुणे.

येथे आम्हांस एक कबुली दिली पाहिजे. देवळामागील बावखल बुजवून महोत्सवाच्या गाड्यांसाठी जागा करावी, अशी सूचना गेल्या वर्षी आली, आणि आम्हीही तिला मान डोलावली. पुढे वाडीत मजुरीस येणारी एक वारली बाई दारी आली व एवढेच म्हणाली, "फादर, मग आम्ही पाणी कुठून भरायचं?" आम्हांस उत्तर सुचले नाही. नकाशावर ती जागा देवळाची होती. पाणी मात्र तिचेही होते.

वसईकरांस हे सांगावे लागू नये. बावखलांनी पावसाचे पाणी जमिनीत मुरविले, म्हणून आपल्या विहिरी गोड राहिल्या व रहाटांवर केळी आणि पानवेली पोसल्या. १९८० नंतरच्या दशकात टँकर भरभरून पाणी विकले जाऊ लागले, आणि कित्येक विहिरींत खारे पाणी चढले. पैसा थोड्यांस मिळाला, तहान सर्वांच्या वाट्यास आली.

डोंगरातील आपल्या बांधवांचे जंगलही असेच गेले. १८७८ च्या वन कायद्यापासून त्यांची पिढीजात वहिवाट ही सरकारची मेहरबानी ठरली. ज्याच्या अंगणात साग उभा, तोच मोळीसाठी गुन्हेगार झाला. अशा मनुष्यास आळशी म्हणणे हा अन्यायावर अन्याय होय. त्याचे दारिद्र्य जंगलात उगवलेले नाही. जंगल हातचे गेल्यामुळे ते आले आहे.

याचा उलट दाखलाही आहे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावास २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. २०११ साली बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला, आणि गावाने आपला बांबू आपण विकला. तेथे निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसंमतीने होतात. जे सर्वांचे, ते सर्वांनी राखिले म्हणजे टिकते व पोटही भरते.

ख्रिस्तसभेची शिकवण याहून निराळी नाही. संत थोमस अक्विनास यांच्या मते प्राणांतिक गरजेच्या वेळी सर्व वस्तू सर्वांच्या होतात. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या आपल्या विश्वपत्रात पिण्याचे शुद्ध पाणी हा मनुष्याचा मूलभूत हक्क म्हटला. तेव्हा पाणी अडवून दानधर्म करणे म्हणजे गरिबाचेच त्याला थोडेसे परत देणे होय.

बावखल बुजविले नाही, हे आपण येताना पाहिलेच असेल. गाड्या दूर उभ्या राहिल्या, आपणांस थोडे चालावे लागले. यंदाच्या उन्हाळ्यात त्यातील गाळ काढावयाचा आहे. प्रत्येक घरातून एक मनुष्य कुदळ घेऊन यावा, अशी आमची विनंती आहे. पहिली घमेली आम्ही उचलू.

परमेश्वर आपणां सर्वांस आशीर्वाद देवो.