फाटकाशी थांबलेले दोन करार

चेन्नईहून बंगळुरूकडे जाताना श्रीपेरुंबुदूरच्या अलीकडे इरुंगाट्टुकोट्टै लागतं. तिथे सिपकॉटची औद्योगिक वसाहत आहे, ह्युंदाईचा कारखाना आहे. परदेशी जाणारी गाडी इथे त्या देशाच्या नियमांबरहुकूम बनते. ती जोडणाऱ्या कामगारासाठीही जागतिक नियम आहेत: संघटना-स्वातंत्र्याचा १९४८ चा ८७ क्रमांकाचा करार आणि सामूहिक वाटाघाटींचा १९४९ चा ९८ क्रमांकाचा. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा संस्थापक सदस्य असलेल्या भारताने हे दोन्ही अजून स्वीकारलेले नाहीत.

करारावर सही झाली म्हणून तो आपल्याकडे आपोआप कायदा होत नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद २५३ प्रमाणे संसदेला तसा कायदा करावा लागतो. १९८० च्या जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. जिथे कायदाच नाही तिथे न्यायालय कराराचा आधार घेतं, जसा १९९७ साली विशाखा खटल्यात घेतला.

आणि संसदेचा रस्ता काही अवघड नाही. १९१९ साली वॉशिंग्टनच्या पहिल्या श्रम परिषदेला भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून ना. म. जोशी गेले होते. तिथे कामाच्या तासांचा पहिला करार झाला. त्यात भारतासाठी आठवड्याला ६० तासांची वेगळी मर्यादा होती. १९२१ मध्ये भारताने तो स्वीकारला आणि १९२२ मध्ये कारखाना कायदा बदलला. परक्या सरकारला तीन वर्षांत जे जमलं, ते आपल्याला पाऊणशे वर्षांत जमू नये, याची मला खंत वाटते.

याच जोशींनी १९२१ मध्ये युनियनच्या संरक्षणासाठी कायदा मागितला. निमित्त मद्रासचंच होतं: बकिंगहॅम अँड कर्नाटिक मिलने कामगार-नेते बी. पी. वाडियांविरुद्ध उच्च न्यायालयातून मनाई हुकूम आणला होता. १९२६ च्या कायद्याने युनियनला नोंदणी मिळाली, मान्यता मात्र मिळाली नाही. मान्यता देणारी १९४७ ची दुरुस्ती मंजूर होऊनही कधी अमलात आली नाही. महाराष्ट्राने १९७१ साली स्वतःचा मान्यता कायदा केला, तामिळनाडूत तसा झाला नाही. २०२४ मध्ये इरुंगाट्टुकोट्टैच्या पुढे सुंगुवारछत्रमला सॅमसंगच्या कामगारांनी ३७ दिवस संप केला, तेव्हा युनियनची मान्यता हीच प्रमुख मागणी होती. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत ५१ टक्के सभासदांच्या युनियनला वाटाघाटीचा हक्क आहे, पण तो संसदेच्या मर्जीवरचा. जगाला दिलेल्या वचनाचं बळ त्यामागे नाही.

सरकार म्हणतं, हे करार स्वीकारले तर सरकारी नोकरांनाही संपासारखे हक्क द्यावे लागतील. तामिळनाडूच्याच रंगराजन खटल्यात २००३ साली न्यायालयाने सरकारी कर्मचाऱ्यांना संपाचा हक्क नाही असं म्हटलं, हे खरं. पण ९८ व्या कराराचं सहावं कलम वाचा: राज्यकारभार चालवणारे सरकारी नोकर त्यातून वगळलेलेच आहेत. मग निदान हा एक करार तरी सरकारने याच वर्षी स्वीकारावा आणि संसदेने त्याचा कायदा करावा.