फाळ आणि पराणी



बुद्धाच्या शिकवणींत 'सति' हा शब्द वारंवार येतो. नवऱ्याच्या चितेवर जाळल्या जाणाऱ्या बाईशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. पालींतला हा शब्द संस्कृतांतल्या 'स्मृती'चा भाऊ असून, हातीं घेतलेल्या कामाचें भान, असा त्याचा अर्थ आहे. हें भिक्षूंचें काम, आम्हांला त्याची फुरसत कोठली, असें पुष्कळजण म्हणतात. त्यांस आम्ही सुत्तनिपातांतली एक गोष्ट सांगतों.

मगध देशांत एकनाळा गांवीं कसि भारद्वाज नांवाच्या ब्राह्मणानें पेरणीच्या दिवसांत ५०० नांगर जुंपले होते. (त्यांचीं रुमणीं कोणाच्या हातीं होतीं, हें तेथें लिहिलेलें नाहीं, तें तुम्हीच ओळखा.) जेवण वाटतेवेळीं बुद्ध भिक्षेस उभे राहिले. तूंही नांगर, पेर, मग खा, असें तो त्यांस म्हणाला. बुद्धांनीं उत्तर दिलें कीं, आपणही शेतकरीच आहों. श्रद्धा हें बीं, तप हा पाऊस, प्रज्ञा हें जूं व नांगर, आणि सति हा फाळ व तीच पराणी.

ज्यानें रुमणें धरलें आहे त्याला यांतली खुबी कळते. फाळ वर राहिला तर जमीन नुसती ओरखडली जाते. मन वरवर फिरत असेल तर दिवसभर राबूनही काम आंत उतरत नाहीं. बैलानें तास सोडला तर शहाणा नांगऱ्या त्याला बडवीत बसत नाहीं, पराणी टेकवून तासांत आणतो. मनाचेंही तसेंच. भरकटलें म्हणून चिडूं नये. परत आणावें, आणि पुन्हा गेलें तर पुन्हा आणावें.

सतिपट्ठान सुत्तांत कातारी आला आहे. लांब ओढ घेतांना ती लांब, आंखूड घेतांना ती आंखूड, हें त्याला ठाऊक असतें. श्वासाचें भान तसें ठेवावें. चालतांना, वाकतांना, खातांनाही ठेवावें. म्हणजे भाकरी थापणाऱ्या बाईला वेगळी बैठक नको. पिठाचा ओलावा, तव्याची धग कळूं लागली कीं सुरुवात झाली. मुहूर्त नाहीं, दक्षिणा नाहीं. कार्ल्याच्या लेण्यांत दाराचें काम करणाऱ्या सामि नांवाच्या सुताराचें नांव दगडांत कोरलेलें आहे. त्या धर्माच्या घरीं कारागिराला नांव होतें!

आतां एक गोष्ट बजावून सांगतों. हल्लीं कंपन्यांतूनही नोकरांना हें शिकवितात, आणि कांहीं ठिकाणीं त्याचा रोख 'मुकाट्यानें सोसा' असा असतो. मळणी यंत्रांत पेंढी सारतांना मन हातापाशीं असलेंच पाहिजे, नाहींतर हात जातो. पण यंत्राच्या तोंडावर झांकण न बसवितां मजुराला 'भान ठेव' म्हणणाऱ्या मालकाला आम्ही बुद्धाचा शिष्य म्हणणार नाहीं. भान असलेल्या मजुराला तें उघडें तोंड आधीं दिसतें, आणि तो तसें बोलूनही दाखवितो. आडत्याच्या कांट्यापाशींही हीच नजर ठेवावी.

उद्यां दारें धरायला जाल तेव्हां पहिल्या वाफ्यापुरतें करून पहा. मोबाईल खिशांत असूं द्या. खोऱ्याचा दांडा, पायाखालचा चिखल, पाणी कोठवर पोंचलें, एवढेंच पहा. दुसऱ्या वाफ्याला मन बाजाराकडे निघेल. तेव्हां पराणी टेकवा.