रिकामा गांधार : व्हिडिओ गेमच्या संगीतातील गिटार

चित्रपटाला पार्श्वसंगीत देणाऱ्या संगीतकाराला प्रसंगाची लांबी सेकंदापर्यंत ठाऊक असते. व्हिडिओ गेमच्या संगीतकाराला ती कधीच ठाऊक नसते, कारण एक खेळाडू दहा सेकंदांत दार उघडून पुढे जातो, तर दुसरा त्याच खोलीत पंधरा मिनिटे रेंगाळतो, आणि संगीताने दोघांनाही सारखीच साथ द्यायची असते. गायकाने विस्तार कितीही लांबवला तरी ठेका धरून राहणारा आणि मुखडा येताच समेवर नेमका भेटणारा तबलजी जे करतो, त्याच जातीचे हे काम आहे; फरक इतकाच की गेममध्ये ही साथ आधीच ध्वनिमुद्रित करून ठेवावी लागते.

या अडचणीवरचा पहिला तोडगा आवर्तनाचा होता. १९७८ साली जपानमध्ये तयार झालेल्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’ या गेममध्ये उतरत्या क्रमाचे चारच खर्जातले स्वर पुन:पुन्हा वाजत, आणि पडद्यावरचे शत्रू कमी होऊन उरलेल्यांचा वेग वाढला की त्या स्वरांची लयही वाढे. पुढे १९९१ साली आलेल्या ‘मंकी आयलंड २’ या गेमसाठी मायकेल लँड आणि पीटर मॅककॉनेल यांनी ‘आयम्यूज’ नावाची संगणकप्रणाली वापरात आणली, जिच्यामुळे खेळाडू एका जागेतून दुसऱ्या जागेत गेला तरी चालू धून मध्येच न तुटता योग्य मात्रेवर दुसऱ्या धुनेत मिसळू लागली. आज प्रचलित असलेल्या दोन्ही पद्धतींचे मूळ अशा प्रयत्नांत सापडते: पहिल्या पद्धतीत एका तुकड्यानंतर दुसरा तुकडा सांधला जातो, तर दुसरीत एकाच लांबीचे अनेक थर एकदम सुरू करून गेममधील परिस्थितीप्रमाणे त्यांचा आवाज कमीजास्त केला जातो.

या व्यवस्थेत गिटार हे वाद्य एकाच वेळी सोयीचे आणि गैरसोयीचे ठरते. व्हायोलिनचा स्वर गज फिरत असेपर्यंत टिकतो. गिटारचा स्वर मात्र तार छेडली त्या क्षणी सर्वांत मोठा असतो आणि तिथून विरतच जातो. या विरत जाणाऱ्या नादाला आपल्याकडे ‘आस’ म्हणतात, आणि गेमच्या संगीतात खरी कसोटी लागते ती या आसेचीच. समजा, मिनिटाला ८० मात्रांच्या लयीत, प्रत्येकी चार मात्रांचे सोळा बार असलेली एक धून रचली. तिची लांबी बरोबर ४८ सेकंद भरेल. शेवटच्या स्वराची आस मात्र ४८व्या सेकंदाला संपत नाही, आणि ध्वनिमुद्रण तिथेच कापले तर प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी तार कोणी तरी बोटाने दाबल्यासारखा खटका ऐकू येतो. त्यावर वादकांचा उपाय साधा आहे: धून सलग दोनदा वाजवायची आणि दुसरी फेरीच तेवढी कापून घ्यायची, म्हणजे तिच्या आरंभी पहिल्या फेरीची आस आपोआप मिसळलेली असते आणि सांधा कानाला जाणवत नाही.

विरण्याचा हाच गुण दुसऱ्या बाजूने उपयोगी पडतो, कारण दोन स्वरांमधली शांतता गिटारच्या वादनात परकी वाटत नाही, आणि त्या शांततेत गेममधील पावलांचा, वाऱ्याचा किंवा दाराच्या बिजागरीचा आवाज सामावतो. १९९६च्या अखेरीस आलेल्या ‘डायब्लो’ या गेममध्ये ट्रिस्ट्रम नावाच्या गावासाठी मॅट उल्मेन यांनी बारा तारांच्या गिटारवर धून रचली. या गिटारवर तारांच्या सहा जोड्या असतात. खालच्या चार जोड्यांत एक तार दुसरीहून सप्तकभर वर लावलेली असते, तर वरच्या दोन जोड्या एकाच स्वरात असतात, आणि त्यामुळे एकच आघात दोन छटांनी घुमतो. पुढे २०१३ साली नॉटी डॉग या कंपनीच्या ‘द लास्ट ऑफ अस’ या गेमला अर्जेंटिनाचे संगीतकार गुस्ताव्हो सांताओलाया यांनी संगीत दिले. चित्रपटसंगीतासाठी दोन ऑस्कर मिळवलेल्या या संगीतकाराने उद्ध्वस्त झालेल्या अमेरिकेच्या त्या कथेत भव्य वाद्यवृंदाऐवजी गिटार आणि रोनरोको हे दक्षिण अमेरिकेतील छोटे तंतुवाद्य पुढे आणले, आणि मोजक्या स्वरांमधली पोकळी हीच त्या ओसाड जगाची खूण ठरली.

अद्याप अस्तित्वातच नसलेल्या, केवळ कल्पिलेल्या गेमसाठी संगीत रचायचे झाले तर ही पोकळी नेमकी कोठे ठेवावी, हा मुख्य प्रश्न आहे. येथे तारांच्या मेळवणीचा एक प्रकार मार्ग दाखवतो. नेहमीच्या गिटारची पहिली, दुसरी आणि सहावी तार एकेक पूर्ण स्वर उतरवली की पाश्चात्त्य पद्धतीत ‘डॅडगॅड’ म्हणून ओळखली जाणारी मेळवणी मिळते. १९६०च्या दशकात ब्रिटिश वादक डेव्ही ग्रॅहम यांच्यामुळे ती प्रसिद्ध झाली. तिच्यातील सर्वांत जाड तारेला षड्ज मानले तर खुल्या तारा सा, प, सा, म, प, सा अशा बोलतात, म्हणजे तंबोऱ्याच्या सवयीच्या कानाला ती लगेच ओळखीची वाटते. या मेळवणीत गांधार नाही. पाश्चात्त्य स्वरसंवादात प्रसन्न आणि खिन्न हा भेद प्रामुख्याने शुद्ध आणि कोमल गांधारावर अवलंबून असल्यामुळे खुल्या तारांचा हा झंकार आनंदाचाही नसतो आणि दु:खाचाही नसतो.

विद्युत गिटारच्या कर्कश आवाजातही योगायोगाने हीच जागा रिकामी असते. ‘डिस्टॉर्शन’ म्हणजे ध्वनिलहरींची शिखरे यंत्राने छाटणे. त्यातून मूळ स्वरांत नसलेली नवी कंपने उत्पन्न होतात. षड्ज आणि पंचम यांच्या कंपनसंख्यांचे प्रमाण २:३ इतके सोपे असल्याने ती नवी कंपने एकमेकांत मिळून जातात. गांधार मिसळला की मात्र आवाज गढूळ होतो, म्हणून ‘पॉवर कॉर्ड’ नावाच्या स्वरगुच्छात सा आणि प एवढेच स्वर ठेवतात.

आता एका ओसाड बंदरात कंदील घेऊन फिरणाऱ्या नायिकेचा गेम कल्पावा. तळाच्या थरात नायलॉनच्या तारांवर सा, म आणि प एवढेच स्वर. तिला जुना परिचित भेटला की वर येणाऱ्या दुसऱ्या थरात शुद्ध गांधार. बुडालेल्या नावेचा शोध लागला की तिसऱ्या थरात कोमल गांधार. आणि धोका ओढवला की चौथ्या थरात विद्युत गिटारवरचे दबके सा-प. चारही थर ४८ सेकंदांचे, एकाच लयीत असावेत आणि दोन्ही गांधार कधीही एकत्र वाजू नयेत, एवढाच नियम. थर बदलण्यासाठी पुढच्या बारच्या पहिल्या मात्रेपर्यंत थांबावे लागले तरी तो विलंब तीन सेकंदांहून अधिक होत नाही. भाव ठरवणारा स्वर अशा रचनेत संगीतकार योजून ठेवतो, पण तो कधी लागायचा हे खेळणाऱ्याच्या पावलांवर ठरते.

कल्पित गेमचे संगीत म्हणून पुष्कळदा केवळ सुरेल तुकड्यांचा संच पुढे येतो. परिस्थिती आणि नियम आधी ठरवलेले नसतील तर तो संच गीतसंग्रहाच्या पलीकडे जात नाही. म्हणून या वाटेने जाऊ पाहणाऱ्या तरुण वादकांनी गिटार हाती घेण्यापूर्वी कागदावर चार प्रसंग आणि त्यांतून एकमेकांत जाण्याच्या वाटा लिहून काढाव्यात, आणि रचना झाल्यावर तळाचा थर सलग दहा मिनिटे, म्हणजे साडेबारा आवर्तने, ऐकून पाहावा. तेवढ्या वेळात कान विटला, तर त्यात भर घालू नये. एखादा स्वर काढून टाकावा.