मनगटातील जोर
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



आज चार शब्द बोलावे अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली. मी काही वक्ता नव्हे, तेव्हा रोजच्या अनुभवातलाच विषय घेतला आहे. तो म्हणजे आपली मूठ.

आपल्याकडे भित्र्या पुरुषाला ‘बांगड्या भर’ असे हिणवतात. पण ज्या हातांत बांगड्या होत्या त्याच हातांनी जाते ओढले, विहिरीचे पाणी शेंदले, गोधड्या पिळल्या. जाते गेले, रहाट गेला, हे बरेच झाले; त्या कष्टांत सुख नव्हते. मात्र त्यांच्याबरोबर मनगटाचा व्यायामही गेला, आणि त्याच्या जागी आपण काहीच ठेवले नाही.

मूठ आवळली की जोर पंजातून येतो असे वाटते. वास्तविक बोटे मिटणारे मोठे स्नायू कोपर आणि मनगट यांच्यामध्ये असतात. त्यांच्या दोरीसारख्या कंडरा मनगटातून बोटांपर्यंत जातात. म्हणून कोपराखालचा हात पोसला पाहिजे. रबरी चेंडू दाबून सुरुवात होते, पण चेंडू आहे तेवढाच राहतो. वजन वाढवता येते, आणि वाढत्या भारानेच स्नायू बळावतो.

हे बळ जाते ते गुपचूप. आधी बरणीचे झाकण हट्टाला पेटते, मग बसचा दांडा निसटतो, मग जिन्याचा कठडा. झाकणासाठी सुनेला हाक मारण्यात कमीपणा नाही. पण कठडा सुटला तर हाक मारायलाही उसंत मिळत नाही.

२०१५ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात भारतासह १७ देशांतील सुमारे १ लाख ४० हजार माणसांची पाहणी प्रसिद्ध झाली. मुठीचा जोर ५ किलोने कमी, तिथे मृत्यूचा धोका १६ टक्क्यांनी अधिक आढळला. सैल मुठीने माणूस मरतो असा याचा अर्थ नव्हे. मूठ ही सगळ्या शरीराच्या बळाची खूण आहे. आशियातील तज्ज्ञांनी २०१९ साली बायकांसाठी १८ किलोची मर्यादा ठरवली. त्याखाली मूठ गेली तर स्नायू क्षीण झाल्याची शंका घ्यावी. साठीत माझी मूठ यंत्रावर १५ भरली. आठ महिन्यांच्या व्यायामानंतर १९ भरली.

मी काय केले ते सांगते. दोन बादल्यांत बेताचे पाणी घेऊन, पाठ ताठ ठेवून तीस पावले चालायचे, असे तीनदा. मग खुर्चीवर बसून हात मांडीवर टेकायचा, पंजा गुडघ्यापुढे काढायचा, एक किलोचे डंबेल घेऊन मनगट वरखाली करायचे, दहा-बारा वेळा. नंतर तळहात जमिनीकडे करून तेच, पण वजन निम्मे. शेवटी जाड पुस्तक अंगठा आणि बोटे यांच्या चिमटीत धरून उभे राहायचे. हे एक दिवसाआड. बारा वेळा सहज जमू लागले की वजन थोडे वाढवावे. डंबेल नसेल तर लिटरभर पाण्याची बाटली किलोभरच भरते.

श्वास मात्र रोखू नये. त्याने रक्तदाब वाढतो. रक्तदाबाचा विकार, संधिवात किंवा जुने फ्रॅक्चर असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. रात्री अंगठा आणि शेजारची बोटे बधिर होत असतील तर व्यायाम थांबवून हात दाखवावा.

‘हात पुरुषी होतील’ अशी भीती काही भगिनी बोलून दाखवतात. दोरीच्या मल्लखांबावर आपल्या मुली अंगाचा सारा भार तोलतात. त्यांना कोणी पुरुषी म्हणते का? दुसरी सबब वयाची. १९९० साली बॉस्टन येथे नव्वदीच्या घरातील दुर्बल वृद्धांकडून आठ आठवडे पायांनी वजने उचलून घेतली, तेव्हा त्यांच्या पायांचे बळ दुपटीहून अधिक झाले. पायांना जे साधले ते हातांना का साधू नये?

भगिनींनो, म्हातारपण कोणालाच चुकत नाही. परंतु आपला तांब्या आपण उचलावा, आपले दार आपण उघडावे, एवढे स्वातंत्र्य शेवटपर्यंत आपल्या मुठीत राहावे, अशी माझी इच्छा आहे. मंडळाने दोन जोड्या डंबेल्स घेऊन कपाटात ठेवाव्यात, अशी सूचना करते आणि आपली रजा घेते.